मुक्काम हारान, अजनी

मेयोतून निवृत्त झाले तेव्हा
वॉर्डाच्या कपाटात उरलेली ही वही मी उचलली.
प्रत्येक पानावर छापलंय: रुग्णाचे नाव, खाट क्रमांक, ताप.
त्या रकान्यांत दर शुक्रवारी पाराशा लिहिते.
ताप म्हणून गावाचा लिहिते.

शीला बोरकुटे जिन्यातून विचारते,
"काय लिहून राहिले बाई, हिशेब का?"
हिशेबच म्हणायचा.
मार्चात पेकुदे येतो. मिष्कानासाठी आलेलं सोनं, चांदी, पितळ,
मोशे शेकेल-शेकेल मांडून दाखवतो,
आणि खाली तिचा नवरा मार्चएंडच्या फायली घेऊन
रात्री अकराला स्कूटर लावतो.
मी लिहिलं: दोघांनीही आता झोपावं.

एप्रिलात तझरिया. कातडीवरचे डाग.
लोक म्हणे ही पानं भराभर उलटतात.
मी चौदा वर्षं कातडीच्या ओपीडीत
डागावर कापसाचं टोक फिरवत विचारलं,
डोळे मिटा. कळतंय? आता?
सात दिवस कोंडा, मग पाहा, म्हणतो ग्रंथ.
तिथे माझं त्याच्याशी भांडण, दरसाल, त्रेचाळीस अंशांत.
पण डाग गेला की नाही हे बघायला
कोहेन स्वतः छावणीबाहेर जातो.
ती ओळ दोनदा अधोरेखली. मागच्या पानावर वळ उठलाय.

मिनियान इथे कुठला.
दहा पुरुष हवे तर मलिद्याचे पोहे भिजवून
इटारसीपर्यंत डबे मोजत जावं लागेल.
दिवा मात्र खोबरेलाचाच,
नागावच्या घाण्याची सवय.
आजोबा शनिवारी बैल सोडून ठेवायचे.
बाबा रेल्वेत लागले,
"पुढल्या वर्षी येरुशलेम" म्हणत अजनीच्या क्वार्टरात उतरले.
सिग्नल काही पडला नाही.

लेख लेखाचं पान अकरा वर्षं कोरं.
नाव नाही, खाट नाही, ताप नाही.
नीघ, आपल्या देशातून, गोतातून, बापाच्या घरातून:
पिनहासने ते ऐकलं, दिमोनाला गेला.
मी बापाच्या घरात बापाला कुशीवर वळवत राहिले,
डावी बाजू गेलेली, दर दोन तासांनी.
झीरो माइलच्या दगडावर गावं कोरलीत, मैल कोरलेत.
एकदा चष्मा लावून पुन्हा वाचला.
दिमोना नाही.

यंदा त्याच्या सुनेचा फोन.
इब्री गळून गेली म्हणे, आधी नवे शब्द, मग जुने,
आता नातवंडांना काहीच कळत नाही तो काय मागतो ते.
मराठी उरलीय, तीही आईची.
"बाय," तो म्हणाला, "तू वाच."

म्हणून शुक्रवारी चारला, त्याचं जेवण उरकता उरकता,
मी आईच्या पिवळ्या बायबलातून वाचते.
बेरेशीतला तो घोरला.
नोआहच्या शेवटाला, जिथे कुणी थांबत नाही,
तेरह आपल्या माणसांना घेऊन कनानला निघतो,
हारानला येतो, तिथेच राहतो, तिथेच मरतो.
पलीकडून हळूच:
"आपले बाबा ना गं हे?"

मला उत्तर सुचलं नाही.
अब्राहामाला ऐकू आलं ते ठीक.
पण म्हातारा आधीच अर्धी वाट चालून आला होता,
कुणी हाक न मारता.

पुढचा शुक्रवार. टाळता येईना.
वाचलं: नीघ.
"कुठं?"
लिहिलेलं नाही. दाखवीन, म्हणतो.
"तू येतेस?"

मी वही ओढली.
रुग्णाचे नाव: तेरह.
खाट क्रमांक: हारान, अजनी.
तापाशी पेन अडलं,
खाली संत्र्यांची हातगाडी ओरडत होती,
फोनमधून त्यालाही ऐकू गेली असावी.
"घे दोन डझन," पिनहास म्हणाला,
"आणि चाखून घे. मागच्या वेळी आंबट निघाली."